वच्छलाबाई आधी बोलत नाहीत

नागपुरात इंदोऱ्याला जाऊन वच्छलाबाई गजभियेंची चौकशी केली असती, तर पत्त्याच्याही आधी एक गोष्ट कळली असती: ही बाई आधी बोलत नाही. समोरच्यानं 'जय भीम' म्हटलं, तर उत्तर मिळे, आणि असं मिळे की तीन गल्ल्यांपलीकडची कुत्री उठून बसत. पण सुरुवात समोरच्यानं करायची. मग तो नगरसेवक असो, डॉक्टर असो, नाहीतर पोरीच्या शाळेतल्या मोठ्या बाई असोत. नव्यानं राहायला आलेल्या बाया आठवडाभर फुगून बसत. "पोरगी फॉरेनले काय गेली, गजभियेबाईले मानूस दिसून नाही राहिला!" जुन्या शेजारणी त्यांची समजूत घालत, "तसं नाही वं. ते तिची तेविसावी प्रतिज्ञा आहे."

छप्पन साली दीक्षा घेताना बावीस प्रतिज्ञा सगळ्यांनीच घेतल्या. वच्छलाबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या आणि कडेवर दोन वर्षांची अरुंधती होती. बावीस म्हणून झाल्या, आजूबाजूच्या बाया डोळे पुसू लागल्या आणि वच्छलाबाईंनी तेवढ्यात मनातल्या मनात स्वतःची एक जोडून टाकली. यापुढे आपण कोणाला आधी नमस्कार घालायचा नाही. ज्याला गरज असेल तो घालेल.

याचं मूळ नरखेडाकडच्या एका गावात होतं. त्यांचे वडील धोंडबा. पाटलाच्या संत्र्याच्या बागेशी गेलं, की कुंपणाबाहेर थांबून, वाकून 'जोहार, पाटील' म्हणायचं, ही धोंडबाची रोजची रीत. सात वर्षांच्या वच्छलेनं एकदा ते मोजलं होतं. धोंडबा तीनदा वाकला. पाटील विहिरीच्या मोटेबद्दल कोणाशी बोलत होता, त्यानं मान वळवली नाही. चौथ्यांदा वाकल्यावर पाटलानं हात हलवला, पण तो माशी उडवायला. पुढे वच्छलेचं लग्न झालं, ती नागपूरला आली, बिडीच्या कारखान्यात वीस वर्षं बिड्या वळल्या, मुलीला नर्स केलं. ती माशी मात्र डोक्यातून गेली नाही.

अशा या वच्छलाबाई एक्क्याऐंशी सालच्या सप्टेंबरात, पांढरं लुगडं, त्यावर नवऱ्याचा लोकरी कोट आणि पायात मोज्यांसकट कॅनव्हासचे बूट अशा थाटात, ऑस्ट्रियातल्या एका पिवळ्या बसमधून डोंगर चढत होत्या. मुलगी चार वर्षांपासून तिथल्या डोंगरावरच्या रुग्णालयात नर्स होती. तिनंच तिकिटं पाठवली होती. गावाचं नाव ओबरडॉर्फ. म्हणजे वरचं गाव. "गाव वसवनाऱ्यानं मेहनत नाही घेतली नावाले," असं वच्छलाबाईंचं मत पडलं.

शेजारी यजमान कवडू गजभिये. कामठीच्या पॉवरलूमवर जन्म गेलेला माणूस. मागाच्या खडखडाटात निम्मे कान गेले होते. उरलेल्या निम्म्यांत जे शिरेल त्यावर ते समाधानी असत. स्वभावानं ते बायकोच्या अगदी उलट. रस्त्यानं चालताना म्हशीलाही आधी नमस्कार घालतील.

पुढच्या सीटवरून वळून अरुंधती शिकवणी घेत होती. "आई, इथं माणूस भेटला की 'ग्र्यूस गॉट' म्हणायचं. दुकानात, वाटेत, सगळीकडे. छोटं गाव आहे. नाही म्हटलं तर लोकांना तो अपमान वाटतो."

पोरगी 'आई' म्हणायला लागली होती. गेली तेव्हा 'माय' म्हणायची. बोलणंही रेडिओवरच्या बाईसारखं सरळ झालं होतं. वच्छलाबाईंनी दोन्ही गोष्टी टिपून ठेवल्या.

"त्याचा अर्थ काय होते?"

"नमस्कार."

"नमस्कार झाला. अर्थ सांग."

"म्हणजे... देव तुमचं भलं करो, असं काहीतरी."

"कोनता देव?"

"आई, कोणी तो विचार करत नाही. नुसतं म्हणतात."

"आन् आधी कोनं म्हनायचं?"

"जो येतो त्यानं."

"म्हंजे आपन."

"हो."

"बरं," वच्छलाबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

कवडूंनी लग्नाच्या पस्तीस वर्षांत हे 'बरं' फक्त तीनदा ऐकलं होतं. तिन्ही वेळा बिडी कारखान्यात संप झाला होता. विषय बदलावा म्हणून त्यांनी विचारलं, "काय म्हनली गा बेटा? गुरांस गोठा?"

"ग्र्यूस गॉट, बाबा."

"तेच तं. गुरांस गोठा. ध्यानात राहाले सोपं आहे. इथं गुरंबी आहेत, गोठेबी आहेत."

आणि खरंच, उतरताना त्यांनी ड्रायव्हरला खणखणीत आवाजात "गुरांस गोठा!" म्हटलं. ड्रायव्हर इतका खूश झाला, की त्यानं स्वतः उठून त्यांची वळकटी खाली दिली.

थांब्याजवळच्या बाकड्यावर तीन म्हातारे पाइप ओढत बसले होते. कवडूंचा गोठा त्यांच्याकडेही गेला आणि तीन गोठे परत आले. मग तिघांचे डोळे वच्छलाबाईंवर येऊन थांबले. ते वाट बघत होते. वच्छलाबाईही वाट बघत होत्या. पाइपचा धूर वर जाऊन विरला. दूर कुठे एका गाईच्या गळ्यातली घंटा वाजली, तेवढाच काय तो संवाद.

"आई, म्हण ना," अरुंधती पुटपुटली.

"ते म्हनले का?"

"आपण आलोय ना इथं!"

"म्हनूनच. आपन पाव्हने आहो. पाव्हन्याले घरचा मानूस आधी बोलते. इंदोऱ्याचा असो का ह्या डोंगरावरचा."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्या बघण्याची भाषा मराठीच होती, म्हणायला हरकत नाही. 'गर्व झाला' एवढं वच्छलाबाईंना स्वच्छ वाचता आलं.

वाटेत पावाचं दुकान लागलं. अरुंधती बाहेर बाबांना डोंगरांची नावं सांगत होती, तेवढ्यात वच्छलाबाई आत शिरल्या. दारावरची घंटी किणकिणली. आत दोन गिऱ्हाइकं आणि काउंटरमागे एक गोरीपान, पिठानं आणखी गोरी झालेली बाई. तिघींनी वर बघितलं आणि थांबल्या. वच्छलाबाईही थांबल्या. मग मागून एक मुलगी आली, येतायेताच तिनं ते दोन शब्द टाकले आणि पाव घेऊन गेलीसुद्धा. पीठवाली पुन्हा वच्छलाबाईंकडे नुसतीच बघत राहिली.

त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरलेला नव्हता, पण मिटलेला होता. लहानपणी गावच्या हॉटेलात त्यांच्यासाठी कपबशी बाहेरच्या खुंटीला टांगलेली असे. तो मालकही असाच बघायचा.

"पाव नाही दिला तिनं मले. पाहूनच राहिली."

"अगं, तू बोलली नसशील! आई, इथं जात नाही. इथं कोणाला ते माहीतसुद्धा नाही."

"जात नाही ना? मग त्यायलेच आधी बोलाले काय होऊन राहिलं?"

अरुंधती भराभर चालू लागली. तिला घाम फुटला होता तो वेगळ्याच कारणानं. आता घर येणार होतं, आणि घरात घरमालकीण होती.

घरमालकिणीचं नाव वालबुर्गा. वय सत्तर. सहा गाई, एक गोठा आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एवढं तिचं साम्राज्य. गावात परक्या पोरीला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. दीड वर्ष रुग्णालयाच्या तळघरात काढल्यावर हिनं अरुंधतीला ठेवून घेतलं होतं. तिचा नियम एकच. माझ्या उंबऱ्यात येणाऱ्यानं आधी देवाचं नाव घेऊन बोलायचं. मागे एका सर्जनानं नुसतंच 'गुड मॉर्निंग' म्हटलं, तर तिनं त्याला अंगणातून परत पाठवला होता, आणि तो तिच्याच गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलायला आला होता.

वालबुर्गाबाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. वच्छलाबाई पायरीखाली उभ्या राहिल्या. त्यांनीही हाताची घडी घातली.

"गुरांस गोठा!" कवडूंनी आघाडी उघडली, आणि बाजूलाच खराखुरा गोठा दिसल्यामुळे त्याच्याकडे बोटही दाखवलं. वालबुर्गाबाईंचा ओठ एका कोपऱ्यात किंचित हलला. त्यांनी कवडूंना उत्तर दिलं आणि मान वच्छलाबाईंकडे वळवली.

वच्छलाबाईंनी घडी आणखी घट्ट केली.

"काहून वं," कवडू हळूच म्हणाले, "म्हनून टाक ना एकदाचं. तोंडातून गेलं का गेलं."

"तुम्ही लोकायच्या दारी येऊन गोठा-गोठा करता, तुमाले तरी समजते का काय म्हनून राहिले ते?"

"नाही समजत म्हनून तं म्हनतो बापा. समजलं असतं तं म्हनलो असतो का?"

अरुंधतीनं घाईघाईनं मालकिणीला काहीतरी जर्मनमध्ये सांगितलं आणि सांगताना तळहात गालाला लावून मान कलती केली. वच्छलाबाईंची नजर बिडीतली फाटकी पानं वीस वर्षं हेरलेली होती. तिला एवढं पुरे झालं.

"थकली म्हनून सांगितलं ना तिले?"

"आई..."

"मी थकली नाही. हा डोंगर अजून दोनदा चढन. खोटं काहून सांगून राहिली?" असं म्हणून वच्छलाबाई दाराशेजारच्या लाकडी बाकावर जाऊन बसल्या. "मी इथंच बसते. ह्या बाकाले काही म्हना लागत नाही."

वालबुर्गाबाई दारातून हलल्या नाहीत. डोंगरावरून गार वारा सुटला होता. कवडू दोन्ही बायांच्या मधोमध वळकटी धरून उभे, पंच असल्यासारखे.

अरुंधती आईच्या शेजारी बसली. आवाज खाली आणून म्हणाली, "दोनच शब्द आहेत गं. ही म्हातारी एकदा बिथरली की खोली गेली. मी रोज म्हणते. काय बिघडलं माझं?"

"तुह्या आज्याचेबी दोनच शब्द होते. 'जोहार, पाटील.' जन्म गेला त्याचा त्या दोन शब्दांत." वच्छलाबाई मुलीकडे वळल्या. बसमध्ये बसल्यापासून जे मनात घोळत होतं ते आता बाहेर आलं. "तू रोज हे म्हनते. चांगलं आहे. आन् जय भीम कोनाले म्हनते?"

"कोणाला म्हणणार? आहे कोण इथं?"

"चार वर्षांत एकदाबी नाही?"

"पत्रात लिहिते ना."

"पत्रात तं मीबी लिहिते, तब्येत बरी आहे म्हनून."

अरुंधती उठली. चार वर्षं इस्त्री करून ठेवलेली भाषा एका क्षणात चुरगळली. "मग काय करू माय? काय सांगू मी ह्या लोकायले? आमी कोन होतो, आमाले काय म्हनत होते, माहा आजा कुंपनाभाईर वाकत होता, हे सांगू? मी कोनालेच नाही सांगितलं! इथं मी नुसती इंडियातली नर्स आहे. कोनी विचारत नाही, कोनी पाहत नाही. मले बरं वाटते तसं. लय बरं वाटते!"

'माय' ऐकून वच्छलाबाईंचा जीव आधी भांड्यात पडला. बाकीचं मग आत गेलं आणि टोचलं. पोरीला बरं वाटावं म्हणूनच तर एवढं केलं होतं. पण हे असलं बरं वाटणं त्यांच्या ओळखीचं होतं.

"कारखान्यात तंबाखूच्या धुरळ्यात मले खोकला येत होता," त्या म्हणाल्या. "मालकाले समजला का घरी बसवन, म्हनून मी तोंडात पदर कोंबून दाबत होती. दाबला का बरं वाटते बेटा. लय बरं वाटते. फक्त श्वास घेता येत नाही."

अरुंधतीनं दारातल्या म्हातारीकडे बघितलं.

"तिले सांग. मी काहून बोलून नाही राहिली ते. थकली नाही, अडानी नाही, गर्विष्ठ नाही. खरं कारन सांग. मग ठेवते का काढते, तिचं घर आहे. आपला इंदोरा कुठं गेला नाही."

"इंदोरा कुठं नाही गेला," कवडूंनी वळकटी दुसऱ्या हातात घेत दुजोरा दिला. त्यांना नेमकं तेवढंच ऐकू आलं होतं.

अरुंधती दाराकडे वळली. सुरुवातीला तिचा आवाज औषधाच्या वेळा सांगणाऱ्या नर्ससारखा कोरडा होता. वच्छलाबाईंना एक शब्द कळत नव्हता, पण मधूनमधून ओळखीची स्टेशनं येत होती. नागपूर आलं. ऑक्टोबर आला. बाबासाहेबांचं नाव आलं, तेव्हा कवडूंनी आपोआप टोपी काढली. मग 'जोहार' आला. म्हातारीनं "योहार?" असं विचारलं. अरुंधतीला तो शब्द जर्मनमध्ये सांगता येईना. मग ती कमरेतून थोडी वाकली आणि हात जमिनीकडे नेला.

"अजून खाली," बाकावरून आवाज आला.

अरुंधतीनं मागे वळून बघितलं.

"अजून खाली वाक. इतक्यात नव्हतं भागत."

ती अजून वाकली. बोटं पायरीच्या दगडाला टेकली. क्षणभर तशीच राहिली, आणि उठली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. त्यानंतरची जर्मन वेगळीच निघाली. इंदोऱ्यात नळावर भांडण लागलं की निघते त्या चालीची. हातवाऱ्यांसकट. गोठ्यातल्या गाईसुद्धा रवंथ थांबवून ऐकू लागल्या असाव्यात. शेवटी आईकडे बोट दाखवून ती दोन शब्द म्हणाली, जे वच्छलाबाईंना पूर्ण समजले: "जय भीम."

वालबुर्गाबाईंनी हाताची घडी सोडली. त्या मऊ झाल्या असतील अशी कोणाची समजूत झाली असेल, तर ती चुकीची होती. त्यांनी कंबरेवर हात ठेवले आणि बोलायला लागल्या. त्याही चांगल्या तावातावानं.

"काय म्हनून राहिली?"

अरुंधती ऐकत ऐकत सांगू लागली. "ते म्हनते, अडतीस साली इथं हिटलरची मानसं आली. पोस्टात कागद लावला, का आजपासून एकमेकायले काय म्हनायचं. हात वर करून त्याच्याच नावाचा जयजयकार करायचा. हे 'ग्र्यूस गॉट' बंद. तिचा बाप पोस्टमन होता. तो दारोदार पत्रं देताना जुनंच म्हने. दोनदा ताकीद दिली. तिसऱ्यांदा नोकरीवरून काढलं आन् तीन आठवडे कोठडीत ठेवलं." अरुंधती अडखळली. या घरात अडीच वर्षं राहून हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं कधी विचारलंही नव्हतं. "भाईर आला, आन् कोठडीच्या दारातल्या शिपायाले तेच म्हनला. ग्र्यूस गॉट. ते म्हनते, म्हनून ह्या दारात मी दुसरं काही ऐकून घेत नाही. तुह्या आईले सांग, मीबी आपला शब्द सोडनार नाही."

वच्छलाबाई उठल्या. कोट सारखा केला. आयुष्यात कित्येक नमस्कार त्यांनी नाकारले होते, पण असा पहिलाच भेटला होता.

"तिले म्हन, सोडूच नोको," त्या म्हणाल्या. "तिनं तिचंच म्हनावं. तिच्या बापाचं आहे ते."

"आन् तू?"

"मी माहं."

हे जर्मनमध्ये गेलं. म्हातारीनं जोरात मान हलवली. प्रश्न सुटल्यासारखा वाटला, पण दोघीही जागच्या हलेनात. आधी कोणी म्हणायचं, हा मुद्दा तसाच दारात उभा होता.

पॉवरलूमवर चार माणसांत जड रूळ उचलायचा असला, की सगळ्यांचा जोर एकदम लागावा म्हणून कोणीतरी आकडे म्हणतो. कवडूंनी ते काम तीस वर्षं केलं होतं. त्यांनी वळकटी खाली ठेवली, दोन्ही हात वर केले आणि बायकोकडे, मग म्हातारीकडे डोळे वटारून बघितलं. "एक! दोन! तीन!"

"जय भीम!"

"ग्र्यूस गॉट!"

समोरच्या डोंगरानं दोन्हींची मिळून एक खिचडी परत पाठवली.

"तेच आधी म्हनली," वच्छलाबाई म्हणाल्या. "अर्धा श्वास आधी. मी ऐकलं."

अरुंधतीला हे भाषांतर करावंच लागलं. वालबुर्गाबाई उसळल्या. त्यांच्या मते, आधी ही पाहुणी म्हणाली होती आणि त्यांना तर त्या कवडूंचे आकडेच कळले नव्हते. वच्छलाबाईंनी उलट विचारलं, की आकडे कळले नाहीत, तर बरोबर तीनवर तोंड कसं उघडलं? म्हातारीनं सांगितलं, की हात खाली आलेले दिसले म्हणून. मग हात कुठवर खाली आले होते, यावर वाद गेला. तो उंबरा ओलांडून, ओसरीतून, थेट स्वयंपाकघरात पोचला. तिथं म्हातारीनं वाद न थांबवता एका हातानं खुर्ची ओढून दिली, आणि वच्छलाबाईंनी वाद न थांबवता तीवर बसून घेतलं. सूप आलं. त्यात मीठ सोडून काही नव्हतं. वच्छलाबाईंनी पिशवीतून लाल तिखट काढलं. म्हातारीनं चमचाभर घातलं, ठसकली, डोळे पुसले आणि मुद्दाम आणखी अर्धा चमचा घेतला. हार मानणारी बाई नव्हती.

पाच वाजता अरुंधतीची ड्यूटी होती. पांढरा गणवेश, वर निळा कोट घालून ती निघाली. वच्छलाबाई वरच्या लाकडी गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. मागून कवडू आले.

खाली रस्ता वळणावळणानं थांब्याकडे उतरत होता. बाकड्यावर ते तीन म्हातारे अजून होते. त्यांच्यासमोरूनच अरुंधतीला जायचं होतं, आणि रोजच्यासारखं काय म्हणायचं तेही ठरलेलं होतं. मघाशी अंगणात बोलली, ते घरातल्या घरात. हा गावचा रस्ता होता. वच्छलाबाईंनी कठडा घट्ट धरला. आता त्या काही बोलणार नव्हत्या. सांगून म्हणवून घेतलं, तर ते पोरीचं राहणार नव्हतं.

अरुंधती बाकड्यापाशी पोचली. म्हाताऱ्यांना तिनं ग्र्यूस गॉट म्हटलं असावं, कारण तीन माना हलल्या. ती चार पावलं पुढे गेली. थांबली. मग वळली, आणि गॅलरीकडे तोंड करून, दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडली,

"माय! जय भीम!"

तिन्ही पाइप तोंडातून बाहेर आले. वच्छलाबाईंनी दिलेलं उत्तर खालच्या गावातही ऐकू गेलं असं पुढे सांगतात. गोठ्यातल्या सहाही गाई उभ्या राहिल्या, हे मात्र कवडूंनी स्वतः पाहिलं.

बाकड्यावरचा एक म्हातारा अरुंधतीला काहीतरी विचारत होता. ती दोन पावलं मागे आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि सांगू लागली. खालून बसचा हॉर्न वाजला. तिनं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"अवो, बस चुकन ना तिची," कवडू म्हणाले.

"चुकू द्या," वच्छलाबाई म्हणाल्या.